ऑक्टोबरचा कौल

१ ऑक्टोबर २००७. डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर कोलोरॅडो रॉकीज आणि सॅन डिएगो पाद्रेज या बेसबॉल संघांचा सामना चालू होता. दोघांचे १६२ सामने खेळून झाले होते आणि विजय सारखेच भरले होते. प्लेऑफमधली, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतली, उरलेली एक जागा कुणाची, हे ठरवायला हा १६३वा सामना. नऊ इनिंग्जमध्ये निकाल लागला नाही. तेराव्या इनिंगमध्ये पाद्रेजनी दोन रन काढून ८-६ अशी आघाडी घेतली आणि चेंडू ट्रेव्हर हॉफमनच्या हातात दिला. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायची हेच त्याचं आयुष्यभराचं काम, आणि त्या कामातला विक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता. रॉकीजनी त्याला लागोपाठ तीन खणखणीत टोले मारले. ८-८. मग जेमी कॅरलने उजवीकडे उंच चेंडू मारला, तो झेलला गेला, आणि झेल होताक्षणी तिसऱ्या बेसवरचा मॅट हॉलिडे होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचलं की रन मिळतो तिकडे, सुटला.

शेवटचे काही फूट तो तोंडावर आपटत घसरत आला. कॅचरचा पाय प्लेटच्या आड होता. चेंडू कॅचरच्या हातून निसटला. पंचांनी क्षणभर थांबून हात पसरले. सेफ! रॉकीज आत, पाद्रेज घरी. हॉलिडेची हनुवटी सोलवटून निघाली होती. त्याचा हात प्लेटला लागला होता का, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या सेकंदाची चित्रफीत मी पुढेमागे करून कितीतरी वेळा पाहिली आहे. मला त्या हाताच्या आणि प्लेटच्या मध्ये कॅचरचा बूट दिसतो, आणि बुटापलीकडचं काही दिसत नाही.

हा विजय म्हणजे रॉकीजचा १५ सामन्यांतला चौदावा. पुढे त्यांनी फिलाडेल्फियाला ३-० आणि ॲरिझोनाला ४-० असं उडवलं. २२ पैकी २१ सामने जिंकलेला संघ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, निघाला होता. देशभर एकच शब्द चालू होता, मोमेंटम. रॉकीजच्या अंगात वारं शिरलंय, आता त्यांना कोण अडवणार? त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना इतक्या झटपट निकालात काढलं, की त्यांना आठ दिवस रिकामं बसावं लागलं. मग बॉस्टनमध्ये पहिला सामना झाला. १३-१. आणि चार सामन्यांत वर्ल्ड सिरीज संपली. चारही बॉस्टनने जिंकले.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत काय झालं ते आठवणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. दहापैकी दहा जिंकून आपण अंतिम सामन्यात गेलो होतो.

रॉकीज हरल्यावर लगेच कारण हजर झालं. आठ दिवसांच्या विश्रांतीने लय तुटली. कारण वाटतं मोठं पटणारं, पण मला त्याचा राग येतो. जिंकत होते तेव्हा मोमेंटममुळे जिंकत होते, हरले तेव्हा मोमेंटम गेल्यामुळे हरले. जे कारण कधीच खोटं ठरू शकत नाही, त्याने काही कळतही नाही. उलटी उदाहरणं तर शेजारीच पडलेली आहेत. २००० साली न्यूयॉर्क यांकीज नियमित हंगामातल्या शेवटच्या १८ सामन्यांपैकी १५ हरले. म्हणजे प्लेऑफमध्ये ते अक्षरशः फरफटत गेले. वर्ल्ड सिरीज त्यांनीच जिंकली. २००६ साली सेंट लुईस कार्डिनल्सनी सप्टेंबरच्या शेवटी लागोपाठ हरून हातातली मोठी आघाडी जवळजवळ घालवली, ८३ विजय आणि ७८ पराभव अशा सुमार हिशेबावर प्लेऑफमध्ये पाय ठेवला, आणि जगज्जेते झाले.

त्या २००६ च्या ऑक्टोबरात माझे वडील कोल्हापूरहून आमच्याकडे, कॅलिफोर्नियात आले होते. अण्णांचं सगळं आयुष्य क्रिकेट आणि कुस्ती पाहण्यात गेलेलं. संध्याकाळी मी कामावरून यायचो तोवर त्यांनी टीव्ही लावून ठेवलेला असायचा. चार-पाच दिवसांत त्यांना बेसबॉल पुरेसा कळायला लागला. कार्डिनल्सनी शेवटचा सामना जिंकला आणि मैदानात एकच गर्दी उसळली, तेव्हा ते सोफ्यावर पुढे सरकून बसले.

"काय रे, हा संघ किती मॅच हरलाय म्हणालास?"

"अठ्ठ्याहत्तर, अण्णा."

"आणि ह्यांच्यापेक्षा जास्त जिंकलेले किती होते?"

"बरेच होते."

"मग एप्रिलपासून सहा महिने पोरं राबतात ती कशाला? ऑक्टोबरात चिठ्ठ्याच टाकायच्या की."

मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं असणार, पण त्यांचं समाधान होईल असं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. त्यांचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. नंतर एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. हिशेब साधा आहे. बेसबॉलमध्ये १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे फार मोठा संघ, आणि तोही ६२ सामने हरतो. १०० मागे जेमतेम ६२ विजय, आणि तेही दुबळ्या संघांशी झालेल्या लढती धरून. ऑक्टोबरात समोर सगळे तगडेच उभे असतात. तिथे एखाद्या संघाला प्रत्येक सामन्यात ५५ टक्के संधी आहे असं धरणंसुद्धा उदारपणाचं. तेवढी धरली, तर पाच सामन्यांची मालिका तो संघ ५९ टक्के वेळा जिंकेल, सात सामन्यांची ६१ टक्के वेळा. अण्णा आले होते त्या काळात जगज्जेता व्हायला अशा तीन मालिका लागोपाठ जिंकाव्या लागत. तिन्हींचा गुणाकार केला की हाती उरतात २२ टक्के. म्हणजे पाच वर्षांत जवळपास चार वेळा सर्वांत चांगला संघ हात हलवत घरी जाणार. त्यात कुणाची लय गेली, कुणाचं अवसान गळालं, असं काही घडावंच लागत नाही. २०२३ मध्ये ॲटलांटा १०४, बाल्टिमोर १०१ आणि लॉस एंजेलिस १०० सामने जिंकून प्लेऑफला आले. तिघांनी मिळून ऑक्टोबरात एक सामना जिंकला.

बाल्टिमोर ओरिओल्सचे जुने मॅनेजर अर्ल वीव्हर यांचं एक वाक्य बेसबॉलवाल्यांच्या तोंडी कायम असतं. मोमेंटम म्हणजे उद्याचा सुरुवातीचा पिचर, असं ते म्हणायचे. हा खेळ न पाहणाऱ्याला त्यातली खोच चटकन लक्षात येणार नाही. क्रिकेटमध्ये काल जिंकलेले अकरा बहुधा आजही तेच असतात. बेसबॉलमध्ये मैदानावरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस रोज बदलतो. सुरुवातीचा पिचर एकदा नव्वद-शंभर चेंडू टाकून गेला की चार दिवस त्याचा खांदा विश्रांती मागतो, आणि दुसऱ्या दिवशी पिचरच्या टेकाडावर वेगळाच माणूस उभा असतो. काल ज्याने प्रतिस्पर्ध्याला गुंडाळलं तो आज जॅकेट घालून बाकावर बसलेला आहे. मग कालचा जोर आज कुणाच्या हातात उतरणार?

प्लेऑफमध्ये सुट्टीचे दिवस जास्त असतात, त्यामुळे पाचव्या पिचरची गरज पडत नाही, कधी चौथ्याचीही नाही. सहा महिने पाच माणसांनी वाहिलेलं ओझं दोघा-तिघांवर येतं. २००१ मध्ये ॲरिझोनाकडे रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग होते. जॉन्सनने वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना सुरू करून जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्याच्या शेवटी पुन्हा चेंडू हातात घेतला. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरने पाचवा सामना एकट्याने पूर्ण टाकला, आणि दोन दिवस विश्रांती घेऊन सातव्यात मधूनच येऊन पाच इनिंग्ज रोखून धरल्या. अशा माणसाला पाहताना लोक म्हणतात संघ भारलेला आहे. मला दिसतो एक असामान्य खांदा. म्हणजे ऑक्टोबरात सगळंच नशीब असतं असंही नाही. खेळाची घडणच तिथे बदलते, आणि ती काहींच्या पथ्यावर पडते.

उरलेलं मात्र नशीब. आणि ते किती बारीक असतं, हे पाहायचं तर राल्फ टेरी या पिचरकडे पाहावं.

१९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीज विरुद्ध पिट्सबर्ग पायरेट्स. यांकीजनी जिंकलेले सामने असे: १६-३, १०-०, १२-०. सातही सामने धरून यांकीजचे ५५ रन, पिट्सबर्गचे २७. आणि मालिका ४-३ अशी पिट्सबर्गकडे. सातव्या सामन्याच्या आठव्या इनिंगमध्ये यांकीज पुढे होते. जमिनीवरून एक साधा चेंडू यांकीजचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, टोनी कुबेककडे आला. दोन आउट सहज झाले असते असा चेंडू. पण तो मातीत कशावर तरी आपटून उसळला आणि कुबेकच्या गळ्यावर बसला. कुबेक कोसळला. त्या इनिंगमध्ये पिट्सबर्गने पाच रन काढले. नवव्यात यांकीजकडून टेरी चेंडू टाकत होता आणि बिल मॅझरॉस्कीने त्याचा चेंडू डावीकडच्या भिंतीवरून बाहेर मारला. १०-९. वर्ल्ड सिरीज होम रनवर गमावणारा पिचर, अशी टेरीची ओळख झाली.

दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६२ ला, तोच टेरी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या कँडलस्टिक पार्कवर उभा होता. पुन्हा सातवा सामना, पुन्हा नववी इनिंग. यांकीज १-०. त्याआधी दिवसचे दिवस पाऊस लागून मालिका खोळंबली होती आणि गवत अजून ओलं होतं. तीनपैकी दोन आउट झाल्यावर जायंट्सच्या विली मेजने उजव्या कोपऱ्यात चेंडू मारला. कोरड्या मैदानावर तो थेट कुंपणापर्यंत धावला असता. ओल्या गवतात त्याचा वेग मेला, रॉजर मॅरिसने तो गाठला, आणि पहिल्या बेसवरून सुटलेल्या मॅटी अलूला तिसऱ्यावरच थांबावं लागलं. आता तिसऱ्यावर अलू, दुसऱ्यावर मेज, आणि बॅट घेऊन विली मकॉव्ही. सहा फूट चार इंच उंच, डावखुरा, त्या काळातल्या सर्वांत जोरदार टोले मारणाऱ्यांपैकी एक. याच मालिकेत त्याने टेरीला एक होम रन मारलेला, आणि त्या दिवशीही एक मोठा फटका. यांकीजचे मॅनेजर राल्फ हौक टेरीपाशी चालत गेले. मकॉव्हीला मुद्दाम पहिल्या बेसवर सोडून पुढच्याला गाठायचं, की याच्याशीच भिडायचं? टेरी म्हणाला, याच्याशीच.

मकॉव्हीने जो फटका मारला त्याहून चांगला फटका माणसाला मारता येत नाही. छातीच्या उंचीवरून सरळ, सणसणीत. दोन हात इकडे किंवा तिकडे गेला असता तर दोन्ही धावपटू घरी येऊन जायंट्स जगज्जेते झाले असते. तो थेट यांकीजच्या बॉबी रिचर्डसनच्या ग्लोव्हमध्ये गेला.

मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, राल्फ टेरी. मकॉव्हीला पुन्हा कधीच वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली नाही. आज सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या मैदानामागे खाडीच्या पाण्याला त्याचं नाव आहे. तिकडे गेलो की मी त्या पाण्याकडे बघत थोडा वेळ उभा राहतो. टेरीने १९६० मध्ये हिंमत सोडली होती आणि १९६२ मध्ये कमावली, असं मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही.

मोमेंटम मुळीच नसतं असं मी म्हणत नाही. एका इनिंगच्या आत काहीतरी घडतं, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला जाणवतं. दमलेल्या पिचरचा चेंडू एकदा मधोमध पडायला लागला की पडतच राहतो. बेसवर धावपटू आला की पिचरला हातपाय आवरून टाकावं लागतं, कॅचरचं लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं. २००४ मध्ये बॉस्टन यांकीजविरुद्धच्या मालिकेत ०-३ असं मागे पडलं होतं. तिसऱ्या सामन्यात तर १९-८ असा मार खाल्ला होता. चौथ्यातही नवव्या इनिंगला ते हरत होते. यांकीजच्या मारियानो रिव्हेराने बॉस्टनच्या केव्हिन मिलारला चार चेंडू बाहेर टाकून पहिल्या बेसवर जाऊ दिलं, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो चोरून दुसऱ्या बेसकडे पळणार, हे सगळ्या मैदानाला माहीत होतं. रिव्हेराने त्याला परत ढकलायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. पहिला चेंडू बॅटरकडे पडला आणि रॉबर्ट्स निघाला, आणि वीतभर अंतराने वाचला. पुढच्याच फटक्यावर तो घरी आला. बॉस्टनने तो सामना, पुढचे तिन्ही सामने आणि मग वर्ल्ड सिरीजही जिंकली. ही गोष्ट सांगताना कुणीही म्हणेल, वारं फिरलं. पण त्या वीतभर अंतरात जर यांकीजच्या डेरेक जीटरचा ग्लोव्ह आधी टेकला असता, तर फिरणारं वारं आलं असतं कुठून?

घरच्या प्रेक्षकांचं बळ म्हणावं, तर २०१९ ची वॉशिंग्टन-ह्यूस्टन वर्ल्ड सिरीज आहे. सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. मानसशास्त्रातही हा वाद मिटलेला नाही. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलचे आकडे तपासून, एकदा नेम बसला की हात चालतच राहतो हा निव्वळ भास आहे, असं दाखवलं. २०१८ मध्ये मिलर आणि सँहूर्हो यांनी त्याच हिशेबात एक बारीक चूक दाखवून प्रश्न पुन्हा उघडला. काही असलंच तर ते थोडं आहे, लवकर विरतं, आणि एका रात्रीची झोप घेऊन दुसऱ्या दिवशीच्या मैदानापर्यंत पोचत नाही, असं माझं मत बनलं आहे.

मला हा वाद इतका जिव्हाळ्याचा वाटतो, कारण मोमेंटमच्या गोष्टीत हरणाऱ्यावर आरोप असतो. जो हरला त्याच्यात काहीतरी कमी होतं, असं त्यातून आपोआप ठरतं.

मी तेव्हाच्या ओकलंड ॲथलेटिक्सचा प्रेक्षक. २००० ते २००३ अशी चार वर्षं ते पहिल्याच फेरीत पाचव्या, निर्णायक सामन्यात हरले. २००१ मध्ये १०२ सामने जिंकून, २००२ मध्ये १०३ जिंकून. २००२ मध्ये तर त्यांनी लागोपाठ २० सामने जिंकले होते. चौथ्या पराभवानंतर ऑफिसात, ट्रेनमध्ये, जिथेतिथे एकच ऐकू यायचं, यांच्यात दम नाही, मोक्याच्या वेळी ढेपाळतात. चार वेळा नाणं उडवलं तर चारही वेळा विरुद्ध बाजू पडण्याची शक्यता सोळांत एक आहे. तीस संघ वर्षानुवर्षं नाणी उडवत असताना हे कुणाच्या तरी वाट्याला येणारच होतं. पण सोळांत एक या उत्तरावर कुणी रागवू शकत नाही, कुणाला शिव्या घालू शकत नाही. माणूस हवा असतो.

बॉस्टनला बिल बकनर सापडला होता. २५ ऑक्टोबर १९८६, शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टन ५-३ ने पुढे, न्यूयॉर्क मेट्सचे दोन आउट, बेसवर कुणी नाही. तीन साधे फटके आणि कॅचरच्या हाती न लागलेला एक चेंडू, एवढ्यावर ५-५ झाले. मग मुकी विल्सनचा सरपटता चेंडू पहिल्या बेसजवळ बकनरच्या पायांमधून निघून गेला. बकनरचे घोटे इतके दुखावलेले होते की मैदानात उभं राहणं हेच एक काम होतं. आघाडी तर त्याच्याकडे चेंडू येण्याआधीच संपलेली होती, आणि नंतर सातवा सामनाही व्हायचा होता. त्यात बॉस्टन ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं. यातलं काहीही मोजलं गेलं नाही. २,७०० हून जास्त हिट्स काढलेल्या माणसाचं नाव पुढे अनेक वर्षं त्या एका चेंडूपुरतं उरलं. २००८ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर, घरच्या पहिल्या सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं, तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि त्याने डोळे पुसले. तोवर बॉस्टन दोनदा जगज्जेतं झालं होतं. क्षमा करायला त्यांना आधी जिंकावं लागलं, हे मला आजही टोचतं. क्षमा मागण्यासारखं त्याने केलं तरी काय होतं?

नशीब मान्य केलं की हे सगळे लोक सुटतात. बकनर सुटतो, मकॉव्ही सुटतो, १९६० चा टेरी सुटतो. जिंकणाऱ्यांचं काही कमी होत नाही. रिचर्डसन बरोबर जागी उभा होता आणि त्याने तो चेंडू सोडला नाही. पण जिंकले म्हणून त्यांची छाती जास्त मोठी होती, हे म्हणणं सोडून द्यावं लागतं. ऑक्टोबरचा कौल हा कौलच असतो, उजवा किंवा डावा. त्यावरून माणसाची लायकी काढायची नसते.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडलं. पोरं राबतात, कारण कोण किती चांगला आहे हे त्या सहा महिन्यांतच कळतं. १६२ सामन्यांत मातीतले खडे सगळ्यांच्या वाट्याला जवळपास सारखे येतात. अडचण एवढीच, की अमेरिकेने सगळा मान ऑक्टोबरसाठी राखून ठेवला आहे. नियमित हंगामात सर्वांत जास्त सामने जिंकणाऱ्या संघाला बेसबॉलमध्ये साधा करंडकही नाही.

२००१ मध्ये सिअॅटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जशी बरोबरी, त्याहून जास्त आजवर कुणीच नाही. ऑक्टोबरात त्यांना यांकीजनी ४-१ ने हरवलं. त्यानंतर पुढची वीस वर्षं मरिनर्सना प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. तीस संघांमध्ये वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला संघ तो एकच. २०२५ च्या ऑक्टोबरात ते टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात ३-१ ने पुढे होते, आठ आउट हवे होते. मॅनेजर डॅन विल्सननी एदुआर्द बझार्डोला आणलं, आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. ४-३. फटका खणखणीत होता, त्याचं श्रेय स्प्रिंगरचंच. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी चर्चा विल्सनच्या चुकीची, दुसऱ्या पिचरला का नाही आणलं याची. हौकनी टेरीला मकॉव्हीसमोर ठेवलं त्याला आजही हिंमत म्हणतात.

मला विचाराल तर त्या ११६ विजयांचा करंडक आजही घडवता येईल. एडगर मार्टिनेझ, इचिरो, जेमी मोयर, सगळे हयात आहेत. सिअॅटलच्या मैदानावर एप्रिलमधल्या एखाद्या साध्या सामन्याआधी त्यांना बोलावून तो त्यांच्या हातात द्यावा. ऑक्टोबरात नको.